गिलाव्याआड दडलेले घर

जन्मभराची शिल्लक घरात घालणाऱ्या गृहस्थाच्या कानावरून गवंड्याचे शब्द नुसते जातात. त्यांचा अर्थ पहिल्या पावसाळ्यात कळतो. तो आधीच जाणून घेतलेला बरा.

जमिनीखाली असतो तो पाया. जमिनीपासून घरातील फरशीपर्यंतचा भाग म्हणजे जोते. जोत्याच्या माथ्यावर ओल अडविणारा थर घालतात. गोव्यातील जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो. हा थर राहून गेला तर जमिनीतील ओल भिंतीत चढते आणि गिलाव्याचे पोपडे सुटू लागतात. वरून रंग देऊन ते थांबत नाही.

काँक्रीटवर पाणी मारणे हा केवळ उपचार नव्हे. पाण्याच्या संयोगानेच सिमेंट बळकट होते. भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटचे काँक्रीट निदान ७ दिवस, उष्ण व कोरड्या हवेत निदान १० दिवस ओले ठेवावे लागते.

दारा-खिडक्यांवरील भिंत पेलणारी आडवी पट्टी म्हणजे लिंटल. गिलाव्यावरील केसासारख्या रेषा बहुधा निरुपद्रवी असतात. परंतु दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून निघून रुंदावत जाणारा तिरका तडा पाया खचल्याची खूण असू शकते. तो बुजविण्यापूर्वी अभियंत्यास दाखवावा.

रंग चढला की उणिवा झाकल्या जातात. म्हणून तपासणी किल्ली हाती येताना नव्हे, प्रत्येक थर झाकण्यापूर्वी व्हावी.