सर्दी झाली की फ्लू होत नाही? व्हायरसची आपसातली अडवाअडवी

दिवाळीत बेलापूरला घरी गेलो, तर आजीला सर्दी. बरं वाटलं की फ्लूची लस घे म्हणालो, तर चुलतभावाने फॅमिली ग्रुपवरचा फॉरवर्ड दाखवला: "सर्दी झाली की फ्लू होत नाही, लस कशाला?" मेसेज अर्धा खरा आहे, म्हणूनच जास्त धोकादायक.

आधी खरा भाग. व्हायरस पेशीत शिरला की ती पेशी इंटरफेरॉन नावाचं प्रोटीन सोडते. वायफायवरच्या एका फोनवर हल्ला झाला आणि त्याने बाकी फोनना 'लॉक व्हा' असा अलर्ट पाठवला, तसंच हे. अलर्टमध्ये व्हायरसचं नाव नसतं, त्यामुळे मागून येणारा दुसरा व्हायरसही अडतो. आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी 1957 मध्ये लंडनमध्ये इंटरफेरॉन शोधलं.

2009 चा स्वाइन फ्लू आठवतो? ऑगस्टमध्ये पुण्यात शाळा बंद होत्या. त्याच वर्षी स्वीडन आणि फ्रान्समध्ये सर्दीच्या रायनोव्हायरसची लाट असताना फ्लू उशिरा पसरल्याचं संशोधकांना दिसलं. 2020 मध्ये येल विद्यापीठात, लॅबमध्ये वाढवलेल्या श्वासनलिकेच्या पेशींना आधी रायनोव्हायरस दिला, 3 दिवसांनी फ्लूचा. फ्लू जवळपास वाढलाच नाही. इंटरफेरॉनचा मार्ग बंद केल्यावर मात्र वाढला!

आता फॉरवर्डची चूक. हा लॉक थोडेच दिवस टिकतो, आणि कधीकधी दोन्ही व्हायरस एकदम होतातही. लस मात्र शरीराला फ्लूची ओळख करून देते आणि ती काही महिने टिकते.

सर्दी गेल्यावर डॉक्टरांना विचारून आजीने लस घेतली. फोटो त्याच ग्रुपवर टाकलाय!