कळलावीचा कंद कुठे ठेवाल?

सणसवाडीतील माझ्या दवाखान्याच्या कुंपणावर पावसाळ्यात कळलावी फुलते. हिरवट-पिवळ्या पाकळ्या हळूहळू केशरी-लाल होतात. म्हणूनच तिला अग्निशिखाही म्हणतात. फुले पाहून रुग्ण कंद मागतात. देण्यापूर्वी मी एकच विचारतो, घरात कोण कोण आहे?

वाचकहो, वेल अवश्य लावा. मृगाच्या सुमारास, पाणी न साचणाऱ्या मातीत कंद २-३ इंच खोल आडवा ठेवा. पानांची टोकेच आधाराला विळखा घालतात, त्यामुळे बारीक काटक्याही पुरतात. पावसाळा सरला की वेल वाळते. तेव्हा पाणी थांबवा. खरा धोका इथूनच सुरू होतो. पुष्कळ जण कंद उकरून स्वयंपाकघरात ठेवतात, आणि तो दिसतो रताळ्यासारखा! त्यात कोल्चिसिन असते. गाउटच्या रुग्णाला आम्ही ते अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीने, मोजून देतो. कंदातून पोटात जाणारी मात्रा प्राणघातक ठरू शकते.

विस्मरण जडलेले आजी-आजोबा किंवा लहान नातवंडे घरात असतील, तर मधुमालती लावा, असे मी सुचवतो. कळलावीच हवी असेल तर कंद जमिनीतच विसावू द्या. काढलाच, तर हातमोजे घालून काढा आणि नाव लिहिलेल्या डब्यात, कुलपात ठेवा.

कोणी खाल्ल्याची शंका आली, तर उलट्या-जुलाबांची वाट पाहू नका. ते काही तासांनी सुरू होतात. तोवर माणूस ठणठणीत दिसतो. घरी उलटी करवू नका. तत्काळ १०८ वर फोन करा, उरलेला कंद सोबत न्या.