दाद मागण्याची रीत

सोलापूर जिल्ह्यातील शाळांचे संघ सुब्रतो चषकाच्या फुटबॉल स्पर्धेत उतरतात. १९६० साली सुरू झालेली ही आंतरशालेय स्पर्धा वायुदलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाने ओळखली जाते. अशा एखाद्या सामन्यात पंचांनी एका खेळाडूस लाल कार्ड दाखविले, अशी कल्पना करा. त्याला तत्काळ मैदान सोडावे लागते. त्याच्या जागी दुसरा गडी घेता येत नाही. शिवाय पुढच्या सामन्यासही तो सामान्यतः मुकतो. आपण निरपराध आहोत असे त्यास वाटले, तर त्याने काय करावे?

मैदानावर हुज्जत घालू नये, हे पहिले उत्तर होय. खेळातील घटनांविषयी पंचांचा निर्णय अंतिम मानतात. प्रत्येक शिट्टीनंतर वाद होऊ लागला, तर सामना पुरा होणार कसा? तथापि पंच हाही माणूसच; त्याच्या हातून चूक होऊ शकते. म्हणून सामन्यानंतर दाद मागण्याची सोय ठेवलेली असते.

२२ मार्च २०१४ रोजी लंडनमध्ये चेल्सी व आर्सेनल या संघांचा सामना चालू होता. आर्सेनलच्या ऑक्सलेड-चेंबरलेनने गोलाच्या दिशेने आलेला चेंडू हाताने अडविला. पण पंचांनी बाहेर काढले ते त्याच्याच संघातील गिब्ज यास! "तो मी होतो," असे खऱ्या अपराध्याने पंचांना सांगितले. तरी निर्णय बदलला नाही. गिब्ज निमूटपणे बाहेर गेला आणि त्याचा संघ ० विरुद्ध ६ गोलांनी हरला.

पुढे आर्सेनलने रीतसर दाद मागितली. चुकीच्या माणसास शिक्षा झाली, हे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने मान्य केले व गिब्जवरील बंदी उठविली. चेंडू गोलाबाहेर जात होता, हे ध्यानात आल्यावर ऑक्सलेड-चेंबरलेनवरही बंदी आली नाही. सामन्याचा निकाल मात्र तोच राहिला. गेलेला खेळ परत मिळत नाही; पुढचा अन्याय तेवढा टाळता येतो.

शाळेच्या संघानेही हाच मार्ग धरावा. स्पर्धेची नियमावली वाचावी. अर्ज कोणाकडे व किती वेळात द्यावयाचा, हे तीवरून पाहावे. क्रीडाशिक्षकांच्या साहाय्याने अर्ज लेखी करावा. त्यात काय घडले, केव्हा घडले आणि ते कोणी पाहिले, एवढेच लिहावे. पंचांची निंदा केल्याने अर्जाचे बळ वाढत नाही, उलट घटते. आणि आपल्या संघाचा अपराध असेल, तर तोही लपवू नये.

समितीने अर्ज फेटाळला, तरी तो निर्णय शांतपणे स्वीकारावा. न्याय मागणे हा खेळाडूचा हक्क आहे. तो सभ्यतेने मागणे हे त्याचे कर्तव्य आहे.