कृपेच्या घरात दुबळ्यांची जागा

वाशिमसारख्या गावात अपंग माणसाला दोन प्रश्न जन्मभर पुरतात. ‘हे कशानं झालं?’ हा पहिला आणि ‘काही इलाज नाही का?’ हा दुसरा. बालाजीच्या दर्शनाला निघालेला शेजारी आणि चर्चच्या बाकावर शेजारी बसलेला भाऊ, दोघंही हेच विचारतात. पहिल्या प्रश्नामागं बहुधा पापाचा हिशेब असतो. येशूच्या शिष्यांनाही एका जन्मांध माणसाकडं पाहून हाच प्रश्न पडला होता: पाप याचं की याच्या आईबापांचं? येशूनं दोन्ही नाकारलं. योहानाच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात ही हकिकत आहे. तरी प्रश्न काही मेला नाही.

दीड वर्षाचा असताना पोलिओनं माझा उजवा पाय नेला. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. आमची पिढी मात्र अजून कॅलिपर आणि कुबडी घेऊन चालते आहे. वाशिमचं मिशन हॉस्पिटल, म्हणजे रेनॉल्ड्स मेमोरियल, नाझरीन मिशननं १९३० च्या दशकात सुरू केलं. डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन बाईंनी त्यासाठी आयुष्य वेचलं. पण पोलिओनं गेलेला पाय परत आणणारं औषध जगात कुठंच नव्हतं.

मग प्रार्थनासभा सुरू झाल्या. एकदा बाहेरगावच्या एका प्रचारकानं माझ्या डोक्यावर हात ठेवून कुबडी टाकायला सांगितलं. मी पडलो. ‘घरात विश्वास कमी आहे,’ असा निकाल आईच्या देखत लागला. पायाचं ओझं मी वाहत होतोच. त्या वाक्याचं ओझं आईनं मरेपर्यंत वाहिलं.

विश्वास कमी म्हणून व्याधी राहते, असं असेल तर पंडिता रमाबाईंचं काय करायचं? १८८३ मध्ये त्या वैद्यकी शिकायला इंग्लंडला गेल्या. कानांनी दगा दिला. कमी ऐकू येत असल्यानं ती वाट बंद झाली. त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण बहिरेपण गेलं नाही, उलट वाढत गेलं. डॉक्टर होऊ न शकलेली ही बाई शिक्षिका झाली आणि पुढं केडगावला तिनं मुक्ती सदन उभं केलं. १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना तिथं आसरा मिळाला. अंध मुलींसाठीही तिथं जागा होती. रमाबाईंची लेक मनोरमा हिनं ब्रेल शिकून घेतली आणि त्यांना वाचायला शिकवलं. हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करीत रमाबाई शेवटपर्यंत कामात राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, त्या बहिऱ्याच.

पौलाचंही तेच. अंगातला काटा काढावा म्हणून त्यानं तीनदा विनवणी केली. काटा राहिला, त्याच्यासकट उभं राहण्याचं बळ मिळालं. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात हे वाचताना मला प्रथमच वाटलं, की हा ग्रंथ आपल्याशीही बोलतो.

पण नुसत्या वाचण्यानं माणूस मंडळीचा होत नाही. आमच्या चर्चमध्ये जुनी पायपेटी होती. ती वाजवायला दोन्ही पाय हवेत. एका म्हाताऱ्या गुरुजींनी घरची हातपेटी आणली, माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाले, ‘पोरा, टिळकांची भजनं हिच्यावर जास्त खुलतात. बस.’ त्यांनी ना पायाची चौकशी केली, ना बरं होण्याची प्रार्थना. पुढच्या रविवारी मी आलो नसतो, तर भजन अडलं असतं. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, हे कळणं म्हणजे घर मिळणं.

सरकारी कागदावर ‘अपंग’चं ‘दिव्यांग’ झालं. २०१६ च्या कायद्यानं २१ प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली. हे हवंच होतं. कृपेचं नाव घेऊन देवळाच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधायचं कुणी टाळू नये. पण उतारावरून आत आलेल्या माणसाला काय काम द्यायचं, ते कायदा सांगत नाही. मंडळी म्हणजे एक शरीर, आणि त्यात जे अवयव दुबळे दिसतात ते अत्यंत गरजेचे असतात, असं पौलानं म्हटलं आहे. तेव्हा पुढच्या रविवारी मागच्या बाकावर कुबडी टेकून बसलेला कुणी दिसला, तर त्याला इलाज विचारू नका. त्याला काय येतं, ते विचारा.