बर्फ ग्रीनलंडचा, पाणी मुंबईला

२०२५ मध्ये ए-२३-ए हा अजस्र हिमनग दक्षिण जॉर्जिया बेटाजवळ फुटू लागला आणि ‘आता समुद्र किती वाढणार?’ हा प्रश्न लगोलग पुढे आला. त्याच्यामुळे जवळपास काहीच नाही. १९८६ मध्ये तो अंटार्क्टिकाच्या ज्या हिमपट्ट्यातून सुटला, तोच मुळात पाण्यावर तरंगत होता. आपल्या वजनाइतकं पाणी त्याने आधीच बाजूला सारलं होतं.

म्हणून तरंगता बर्फ बिनमहत्त्वाचा ठरत नाही. २००२ मध्ये अंटार्क्टिकातला लार्सन-बी हा हिमपट्टा काही आठवड्यांत कोसळला आणि त्याने अडवून धरलेल्या हिमनद्या कैक पटींनी वेगाने समुद्राकडे धावू लागल्या. पातळी वाढवतो तो हा जमिनीवरचा बर्फ. एकटं ग्रीनलंड वर्षाला सरासरी २७० अब्ज टनांच्या आसपास बर्फ गमावतं. ३६० अब्ज टन वितळला की जगातले समुद्र सरासरी एक मिलिमीटरने चढतात.

पण खरी मेख या ‘सरासरी’त आहे. हार्वर्डचे भूभौतिकशास्त्रज्ञ जेरी मित्रोविका हे वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. ग्रीनलंडचा बर्फ इतका अवजड, की त्याचं गुरुत्वाकर्षण भोवतालचा समुद्र स्वतःकडे ओढून धरतं. बर्फ घटला की ही पकड सैल होते, पाणी दूर सरकतं. शिवाय ओझं उतरलेली जमीन वर येते. त्यामुळे ग्रीनलंडपासून सुमारे दोन हजार किलोमीटरच्या आत पातळी चक्क खाली जाते आणि दूरच्या किनाऱ्यांवर सरासरीहून जास्त वाढते.

आइसलंडच्या आग्नेयेला हॉफ्न हे मासेमारीचं बंदर आहे. शेजारची वात्नायोकुल हिमटोपी झिजते आहे, जमीन वर्षाला सेंटिमीटरभर उचलली जाते आहे आणि तिथल्या मच्छीमारांना काळजी आहे ती बंदराच्या तोंडाशी पाणी उथळ होण्याची!

मुंबई ग्रीनलंडपासूनही दूर आणि अंटार्क्टिकापासूनही. म्हणजे दोन्हीकडचं वाढीव माप तिच्याच पदरात. अपोलो बंदरावर १८७८ पासूनच्या भरती-ओहोटीच्या नोंदी आहेत. इतका जुना दस्तऐवज हाताशी असताना जागतिक सरासरीवर विसंबून किनाऱ्याचे आराखडे आखणं अक्षम्य आहे. शहरातल्या पर्जन्यवाहिन्यांची पाणी समुद्रात सोडणारी बहुतेक पातमुखं आजच भरतीच्या पातळीखाली आहेत. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की पाणी समुद्रात जात नाही, रस्त्यावर तुंबतं. पुढचं प्रत्येक पातमुख, प्रत्येक पंपिंग स्टेशन बांधताना मुंबईच्या किनाऱ्यावर अपेक्षित असलेलीच वाढ हिशेबात धरावी आणि तो आकडा महापालिकेने नागरिकांसमोर जाहीरपणे ठेवावा.