फावल्या वेळाची नळयोजना

आर्क्टिक वर्तुळाच्या उंबरठ्यावर एक देश आहे. जानेवारीच्या सुरुवातीला तिथे सूर्य अकरा वाजून गेल्यावर उगवतो आणि चारच्या आत मावळतो. आणि याच देशात प्रत्येक शाळकरी मुलाला पोहायला शिकावंच लागतं. १९४० पासून तसा कायदाच आहे. गणित जसं टाळता येत नाही, तसंच पोहणंही. बरं, हे पोहायचं कुठे? बहुतेक ठिकाणी चक्क उघड्यावर. वरून बर्फ भुरभुरत असतं, पोरांच्या केसांवर पांढरा थर जमतो आणि काठावरचे गुरुजी 'पाय मारा, पाय मारा' म्हणून ओरडत असतात.

हा देश आइसलँड. अख्ख्या देशाची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या आपल्या लातूर शहराएवढी. आता लातूरकरांना क्लास म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको! पण इथे ज्या क्लासांबद्दल बोलायचं आहे, त्यांतून कुठल्याच कॉलेजात प्रवेश मिळत नाही. पोहणं, चेलो, हँडबॉल, नाच, बुद्धिबळ, जिम्नॅस्टिक्स. मूल श्रीमंताचं असो वा मासे सोलणाऱ्याचं, त्याला यातलं काही तरी शिकता यावं, हे तिथे गावच्या नगरपालिकेचं काम समजलं जातं. रस्ते, पाणी, कचरा आणि चेलो. हे कसं घडलं असेल?

सुरुवात झाली मरणाच्या भीतीतून.

आइसलँड जगलं ते मासेमारीवर, आणि शतकानुशतकं तिथली माणसं बुडून मेली. उघड्या होड्या, खवळलेला अटलांटिक. किनारा डोळ्यांना दिसतोय, पण तिथवर हात मारता येत नाहीत म्हणून माणूस बुडतोय, असं वारंवार व्हायचं. समुद्रावर पोट असलेल्या या लोकांतल्या फार थोड्यांना पोहता येत होतं. त्यात नवल नाही. पाच-सहा अंशांच्या पाण्यात शिकायला उतरणार कोण?

पण या देशाच्या पोटात एक गंमत दडलेली आहे. पृथ्वीच्या कवचाचे दोन अजस्र तुकडे, उत्तर अमेरिकेचा आणि युरेशियाचा, बरोबर आइसलँडच्या खालून एकमेकांपासून दूर सरकताहेत. वर्षाला जेमतेम दोन सेंटिमीटर. त्या भेगांतून पावसाचं पाणी खोल मुरतं, तापलेल्या खडकांना भिडतं आणि वाफाळत वर येतं. राजधानी रेक्याविकच्या वेशीवर असे झरे होते. शहरातल्या बाया कपड्यांची ओझी पाठीवर घेऊन तीन किलोमीटर चालत तिथे धुणं धुवायला जात. हिवाळ्यात, अंधारात, वादळात.

मग कुणाच्या तरी मनात आलं, बायांना पाण्याकडे पाठवण्यापेक्षा पाणीच गावात आणलं तर? १९३० मध्ये तीन किलोमीटरचा नळ टाकला गेला. पहिल्या टप्प्यात त्या पाण्याने काय काय गरम करायचं ठरलं असेल? एक इस्पितळ, साठेक घरं, शाळा आणि एक पोहण्याचा तलाव! देश गरीब, डेन्मार्कच्या राजाच्या छत्राखालचा, पुष्कळ माणसं गवताच्या घरांतून नुकती बाहेर पडलेली. आणि मोजून मापून आणलेल्या त्या गरम पाण्याच्या पहिल्या वाटेकऱ्यांत पोहण्याचा तलाव आहे. तो १९३७ मध्ये खुला झाला. रेक्याविकचं ते उंच चर्च, जे आज प्रत्येक पर्यटकाच्या फोटोत असतं, त्याच वास्तुविशारदाने, म्हणजे गुदयोन सामुएल्सन यांनी, हा तलाव बांधला. आजही तिथे लोक पोहतात.

मग तलावांचं लोण देशभर पसरलं. आज लातूरएवढ्या माणसांना शंभराहून जास्त सार्वजनिक तलाव आहेत. जिथे धड किराणा दुकान नाही अशा खेड्यातही तलाव सापडतो. शेजारी गरम पाण्याची छोटी टाकी असते, अडतीस ते बेचाळीस अंशांची. त्यात संध्याकाळी गावचा मासेमार, शाळेची बाई, बँकेचा मॅनेजर गळ्यापर्यंत बुडून गप्पा छाटत बसतात. आपल्याकडचा पार समजा, फक्त पाण्यातला.

या शिकवणीचा खरा कस लागला तो १९८४ च्या मार्चमध्ये. वेस्टमन बेटांजवळ रात्री एक मासेमारी बोट उलटली. पाच जण होते. त्यातला बाविशीतला गुद्लोयगुर फ्रिद्थोर्सन दीपगृहाच्या दिशेने पोहत सुटला. पाणी पाच-सहा अंशांचं. थंड पाणी अंगातली उष्णता हवेच्या कैक पटींनी झपाट्याने ओढून घेतं. इतक्या गार पाण्यात एरवी माणसाची शुद्ध तासाभरात हरपते. हा गडी पाच-सहा तास पोहला. किनाऱ्याला लागला तो कड्याखाली, वर चढता येईना. म्हणून परत पाण्यात उतरला आणि दुसरीकडून बाहेर आला. मग ज्वालामुखीच्या धारदार दगडांवरून अनवाणी चालत गावात पोचला. पुढे शास्त्रज्ञांनी त्याला तपासलं, तेव्हा त्याच्या त्वचेखालचा चरबीचा थर नेहमीच्या माणसाच्या दुप्पट-तिप्पट जाड आणि सीलच्या चरबीसारखा दाट निघाला. शरीराने साथ दिली, खरं आहे. पण नुसती चरबी माणसाला किनाऱ्याला लावत नाही. त्याला पोहता येत होतं. दर मार्चमध्ये त्या बेटावरच्या तलावात लोक सहा किलोमीटर पोहून त्या रात्रीची आठवण ठेवतात.

संगीताचीही हीच तऱ्हा. साठच्या दशकापासून गावोगावच्या संगीतशाळांना सरकारी पैशाचं बळ मिळालं आणि शिक्षकांचे पगार पुढे नगरपालिका देऊ लागल्या. जगभर गाजलेली गायिका ब्यर्क लहानपणी अशाच एका मुलांच्या संगीतशाळेत पियानो आणि बासरी शिकली. एवढ्याशा देशातून इतके वाद्यवृंद, इतके बँड येतात कुठून, हे कोडं पुष्कळांना पडतं. उत्तराचा बराचसा भाग अगदी कंटाळवाणा आहे. कुठल्याशा खेड्यात मंगळवारी साडेतीनला पगारी शिक्षक वर्ग उघडून बसलेला असतो.

इथवर सगळं छान. आता एक धक्का.

नव्वदच्या दशकात आइसलँडची पोरं युरोपातल्या सर्वांत जास्त पिणाऱ्या पोरांत मोडत होती. शुक्रवारी रात्री रेक्याविकच्या मध्यवस्तीत जायला माणसं बिचकायची. झिंगलेल्या किशोरांचे थवेच्या थवे हिंडत असायचे. तलाव होते, मैदानं होती, तरी हे! १९९८ मध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलांनी मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगल्याचं सांगितलं होतं. दारू वाईट, सिगरेट वाईट अशी व्याख्यानं शाळेत होत होतीच. आपण सगळ्यांनीच ती ऐकली आहेत. त्यांचा परिणाम किती होतो, तेही ठाऊक आहे.

तोवर तिथल्या अभ्यासकांनी एक साधी गोष्ट सुरू केली होती. मुलांनाच विचारलं. १९९२ पासून देशातल्या शाळांत चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांकडून प्रश्नावल्या भरून घ्यायला सुरुवात झाली. पितोस का, ओढतोस का, एवढंच विचारून ते थांबले नाहीत. आईवडिलांबरोबर किती वेळ असतोस? रात्री बाहेर किती वाजेपर्यंत असतोस? आठवड्यातून किती वेळा खेळायला जातोस? उत्तरं जमली, तेव्हा चित्र लख्ख दिसू लागलं. जी मुलं आठवड्यातून तीन-चारदा कुणाच्या तरी देखरेखीखाली खेळत किंवा काही शिकत होती, ज्यांचा घरच्यांशी वेळ जात होता, जी रात्री उशिरा बाहेर नसायची, ती नशेपासून लांब होती.

याच सुमाराला हार्वी मिल्कमन नावाचे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ तिथे ये-जा करू लागले होते. त्यांची कल्पना ऐकून आधी हसू येतं, मग विचारात पडायला होतं. माणसाला पदार्थाचं व्यसन लागतं असं आपण समजतो. ते म्हणत, व्यसन लागतं ते मेंदूतल्या रसायनांच्या उलथापालथीचं. तीच उलथापालथ नाचताना, गाताना, गोल मारताना होत असेल तर? त्यांनी डेन्व्हरमध्ये बिघडलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या मुलांना बोलावलं आणि उपचाराचं नावही काढलं नाही. हिपहॉप, चित्रकला, कराटे... काय शिकायचंय सांगा, आम्ही शिकवतो, एवढंच म्हणाले. पोरं आली आणि टिकली.

डेन्व्हरमध्ये हा एक प्रयोग होता, आइसलँडने अख्ख्या देशाला तो लागू केला. आणि बिघडलेल्यांना वेगळं न काढता सगळ्यांनाच. मला यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच वाटते. क्लासला जाणाऱ्या मुलावर कसलाच शिक्का बसत नाही.

पण फी? तिथेच तर गाडं अडतं. सधन घरचं पोर कुठेही व्हायोलिन शिकेल. मासळीच्या कारखान्यात दोन पाळ्या करणाऱ्या आईच्या पोराचं काय? त्यावर नगरपालिकांनी काढलेली युक्ती म्हणजे फुरसतीचं कार्ड. रेक्याविकने ते २००७ मध्ये सुरू केलं. सहा ते अठरा वयाच्या प्रत्येक मुलाच्या नावावर वर्षाला ठरावीक रक्कम. अलीकडे ती ७५ हजार क्रोना झाली आहे, आपल्या चाळीस-पन्नास हजार रुपयांच्या घरात. हे पैसे पालकांच्या हातात पडत नाहीत, थेट क्लासच्या फीमध्ये वळते होतात. आणि क्लास कोणता, हे मुलाच्या घरीच ठरतं. नगरपालिका फक्त पाहते की शिकवणारा प्रशिक्षित आहे आणि वर्ग पुरेसे आठवडे चालतो. काही गावांनी तर शाळा सुटल्यावर लहान मुलांना मैदानावर नेऊन सोडणाऱ्या बसही लावल्या. आईबापांना साडेतीनला कामावरून सुटून मुलाला पोचवता येत नाही, हे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं.

जोडीला धाकही होता. तेरा ते सोळा वयाच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर मोठ्यांशिवाय बाहेर फिरायचं नाही. उन्हाळ्यात, जेव्हा रात्र होतच नाही, तेव्हा बारापर्यंत मुभा. शनिवार-रविवारच्या आधीच्या रात्री पालकच टोळीने गल्ल्यांतून फेऱ्या मारायचे. आपल्या पोरांना हा प्रकार किती रुचेल, त्याची कल्पना करून पाहा.

आणि आकडे? २०१६ मध्ये तीच ४२ टक्क्यांची संख्या ५ टक्क्यांवर आली होती. रोज सिगरेट ओढणारी मुलं २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर. आठवड्यातून चार किंवा जास्त वेळा संघटित खेळ खेळणारी मुलं १९९७ ते २०१२ या काळात २४ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेली. हे सगळं क्लासमुळेच घडलं का? त्यावर अभ्यासकांत वाद आहे, आणि तो रास्त आहे. त्याच वर्षांत युरोपभर किशोरांचं पिणं कमी होत होतं. शिवाय कर्फ्यू, दारू-तंबाखूची जाहिरातबंदी, विक्रीला वयाची अट हे सगळं एकाच वेळी चालू होतं. कुठल्या औषधाने ताप उतरला, हे सांगणं अवघड. पण आइसलँडची घसरण इतकी खोल होती की बाकीचे देश चौकशी करत तिथे जाऊ लागले. प्रश्नावल्या थांबलेल्या नाहीत. आणि निकाल काही आठवड्यांतच ज्या त्या गावाला, ज्या त्या शाळेला मिळतो. देशाची सरासरी पाहून गप्प बसायची सोय कुणालाच नाही.

आता या सगळ्याचं एक फळ, जे कुणी मागितलंही नव्हतं. हिवाळ्यात मैदानं गोठतात, म्हणून २००० सालापासून गावांनी छपराखाली पूर्ण आकाराची फुटबॉल मैदानं बांधायला घेतली. सहा वर्षांच्या पोरांनाही पगारी, परवानाधारक प्रशिक्षक. त्या पिढीचा संघ २७ जून २०१६ ला नीस शहरात इंग्लंडसमोर उभा राहिला आणि २-१ ने जिंकला. फुटबॉल जिथे जन्मला त्या इंग्लंडला लातूरने हरवलं! संघाचे एक प्रशिक्षक हेमिर हॉलग्रिमसन पेशाने दंतवैद्य, त्याच वेस्टमन बेटांवरचे. दोन वर्षांनी विश्वचषकात मेस्सीची पेनल्टी अडवणारा गोलकीपर चित्रपट दिग्दर्शक. जगाने तोंडात बोट घातलं. मात्र जगाने एक गोष्ट पाहिलीच नव्हती: याच देशाच्या मुली पुरुषांच्या सात वर्षं आधी, २००९ मध्येच, युरोपीय स्पर्धेत पोचल्या होत्या. कार्ड मुलग्यांना आणि मुलींना एकाच रकमेचं मिळतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ही सगळी पोरं काय करतात? नगरपालिकेची नोकरी! रेक्याविकची 'कामाची शाळा' १९५१ पासून चालू आहे. आठवी ते दहावीची मुलं काही आठवडे बागांतलं तण काढतात, झाडं लावतात, कुंपणं रंगवतात. ज्या मैदानावर वर्षभर खेळली, कदाचित त्याच्याच कडेचं गवत उपटतात आणि कुरकुरतातही भरपूर. तासावर पगार मिळतो. बऱ्याच जणांच्या आयुष्यातला पहिला, आणि तोही नगरपालिकेच्या तिजोरीतून.