गंजाची हमी

लोखंडाचा खरा वैरी घाव नव्हे, ओल! पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की लोखंड गंजते. त्यात मीठ मिसळले तर विचारूच नका. आपल्या मुंबई-रत्नागिरीची खारी हवा काय किंवा विलायतेत बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर टाकलेले मीठ काय, दोन्ही मोटारीच्या मुळावर उठतात.

यावर उतारा जस्ताचा. जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला राखते. १९९७ साली आलेल्या चौथ्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फला जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा होता; तो गंजून आरपार जाणार नाही, अशी हमी १२ वर्षांची!

मी पडलो मराठीचा मास्तर. मला वाटते, सगळी मेख या ‘आरपार’ शब्दात आहे. अशा हमीपत्रांत आतून भोक पाडत बाहेर येणारा गंजच सहसा मोजतात. खडा उडून रंगाचा टवका गेला आणि तिथून गंज शिरला, तर दावा फेटाळला जातो. तपासणीच्या नोंदी नसतील, तरीही बहुधा तेच.

परवा एका सहकाऱ्याबरोबर जुनी छोटी मोटार पाहायला गेलो. रंग लखलखीत, पण पायपोस उचलताच खालच्या पत्र्याचे पोपडे हाती आले! “हमी आहे ना,” विक्रेता म्हणाला. हमीपत्राची मुदत मात्र केव्हाच सरली होती. सहकाऱ्याने इसार दिला नाही.

वाचकहो, दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, जादा चाकाखालची खोबण आधी चाचपा. चाळण झालेला पत्रा अपघातात आतल्या माणसांना राखत नाही. भरपाई मिळाली तरी ती पत्र्याची; माणसांची नव्हे.